भंगारात निघालेला छोटा लॅपटॉप पेनड्राइव्हने उठला

"अहो, याला सीडी घालायची जागाच नाही. मग नवी सिस्टीम आत जायची कुठून?" शेजारच्या वाडीतील दूध संकलन केंद्राच्या सचिवांनी असा प्रश्न टाकला, तेव्हा त्यांच्या काखेत दहा इंची छोटा लॅपटॉप होता. २००९ साली घेतलेला, विंडोज एक्सपीवर चालणारा. सुरू व्हायला दहा मिनिटे आणि बँकेची वेबसाइट उघडायला साफ नकार. तालुक्याच्या दुकानदाराने 'भंगारात घाला' असे सांगून टाकले होते. पण आत पंधरा वर्षांचा हिशेब होता. कोणाचे दूध किती लिटर, फॅट किती, कोणाची उचल किती, सगळे एक्सेलमध्ये आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नाही.

यात लॅपटॉपचा दोष थोडा. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. देखभाल थांबलेली सिस्टीम म्हणजे कुंपण पडलेले शेत. विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी लागते. सचिवांच्या यंत्रात ती १ जीबी. राहिला मार्ग लिनक्सचा. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते. गंमत म्हणजे छोट्या लॅपटॉपची लाट आणणारा आसुसचा ई-पीसी २००७ साली बाजारात आला, तोच मुळी लिनक्स घेऊन आणि सीडी ड्राइव्हशिवाय.

आता कृती. आधी 'माय कॉम्प्युटर'वर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' पाहावे. प्रोसेसर अ‍ॅटम एन २७० किंवा एन २८० असेल तर ३२ बिटचीच आवृत्ती चालेल. अशा यंत्राला अँटिएक्स ही हलकी लिनक्स मानवते. ६४ बिटचे आणि ४ जीबीचे यंत्र असेल तर लिनक्स मिंट घ्यावी. तिची फाइल अधिकृत संकेतस्थळावरूनच दुसऱ्या संगणकावर उतरवायची.

इथे आमची पहिली फजिती झाली. आम्ही ती फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली. लॅपटॉप सुरू केला तर काळा पडदा आणि एक लुकलुकती पांढरी रेघ! फाइल 'रुफस'सारख्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवावी लागते, तेव्हाच त्यावरून यंत्र सुरू होते. हे करताना पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते. प्रस्तुत लेखकाच्या पुतणीच्या साखरपुड्याचे फोटो असेच गेले, ते बोलणे घरात अजून निघते. म्हणून ८ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह घ्या.

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताच आसुसच्या ई-पीसीवर एस्केप, तर अनेक एसर यंत्रांवर एफ-१२ ही कळ दाबत राहायची. यादी येते, तीत पेनड्राइव्ह निवडायचा. आता लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालते आणि आतल्या डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, कळफलक, टचपॅड सगळे इथेच तपासून घ्यावे. काही जमले नाही तर पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू करा, जुनी विंडोज जागच्या जागी असते.

सचिवांचे बोट 'इन्स्टॉल'वर गेले आणि तेच थबकले. "हिशेब?" सगळी डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला की जुने काही राहत नाही. मग आधी फाइली दोन वेगळ्या ठिकाणी उतरवल्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्या. नुसते 'कॉपी झाले' यावर विसंबू नका. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी पत्रे आणि ठराव असतील तर त्यांची पीडीएफ आधीच काढून ठेवा, नाहीतर नव्या सिस्टीमवर अक्षरांची खिचडी दिसते.

बॅटरी मेलेली असेल तर भारनियमनाच्या वेळेत हे काम काढू नका. मध्येच वीज गेली तर पेनड्राइव्हवरून पुन्हा सुरुवात करता येते, पण पुसलेले परत येत नाही. आम्ही इन्व्हर्टर असलेल्या घरी बसलो. तासाभरात काम उरकले.

ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक भाऊसाहेब, यांना मात्र सांगणे असे की कार्यालयाच्या लॅपटॉपवर हा प्रयोग नको. डिजिटल सहीचे टोकन आणि विंडोजसाठीच लिहिलेले प्रोग्रॅम लिनक्सवर चालतीलच असे नाही. दूध संस्थेचा स्वतंत्र प्रोग्रॅम असेल तिथेही हेच लागू.

सचिवांच्या एक्सेलच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कळफलक मिळाला. बँकेची साइट उघडते, पण सावकाश. व्हिडिओ अडखळतो, १ जीबीत तो अडखळणारच. जुना पावती प्रिंटर काही केल्या ओळख देईना. पावत्या ते अजून हातानेच फाडतात.