डिजिटल मॅमोग्राफीतही दाबावं लागतंच

"मॅडम, हे डिजिटल मशीन आहे ना? मग दाबताय कशाला?"

आमच्या क्लिनिकनं फिल्मचं जुनं मशीन काढून डिजिटल बसवलं त्याला बराच काळ झाला, पण हा प्रश्न कानावर पडला नाही असा आठवडा जात नाही. विचारणाऱ्या बाईचा राग येत नाही. तिला बिचारीला कुणीतरी सांगितलेलं असतं. राग येतो तो "आता दाबत नाहीत, नुसता फोटो काढतात" असं ठासून सांगणाऱ्यांचा. कुणाची जाऊ सांगते, कुणाला मेडिकलवाला सांगतो. एका सेंटरच्या पत्रकावर तर "वेदनारहित डिजिटल मॅमोग्राफी" असं ठळक अक्षरांत छापलेलं मी स्वतः वाचलं आहे. हे वाचून आलेली बाई मशीनसमोर उभी राहते, वरची पट्टी खाली येऊ लागते आणि तिला वाटतं, आपली फसवणूक झाली.

कोरेगावकडच्या एक काकू सुनेला घेऊन आल्या होत्या. वय ५४. मंगळसूत्र काढायला तयार नव्हत्या. शेवटी सुनेच्या मुठीत दिलं. पट्टी खाली आली तशा त्या मागे सरकल्या. "एवढं दाबायचं असेल तर जुनंच काय वाईट होतं?" टेक्निशियननं त्यांच्या मनाजोगता, म्हणजे अगदीच हलका दाब दिला आणि फोटो घेतला. स्क्रीनवर आलं ते चित्र मधोमध पांढुरकं आणि धूसर होतं. एका जागी बारीक ठिपके असावेत असं वाटत होतं, पण किती आणि कुठल्या आकाराचे, ते काही केल्या सांगता येईना. मी सुनेला आत बोलावलं, काकूंनाही खुर्ची दिली आणि ते चित्र दोघींना दाखवलं. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घ्या पुन्हा. पण लवकर सोडा."

दुसऱ्या फोटोत त्याच जागी सात-आठ ठिपके स्वच्छ दिसले. रव्याच्या दाण्याहून बारीक, गोल, गुळगुळीत कडांचे. असे ठिपके म्हणजे कॅल्शियमचे निरुपद्रवी कण. वाकडेतिकडे, तुटक, एका रेषेत किंवा घोळक्यानं बसलेले असते तर काळजीचं कारण होतं, कारण दूधनलिकेच्या आतच असलेल्या अगदी सुरुवातीच्या कॅन्सरची ती बऱ्याचदा एकमेव खूण असते. त्या पहिल्या धूसर फोटोवर रिपोर्ट लिहायची वेळ आली असती, तर मला "शंकास्पद, पुढील तपासणी आवश्यक" असंच लिहावं लागलं असतं आणि त्या घराला कितीतरी रात्री झोप लागली नसती.

तर डिजिटलमध्ये बदलतं काय? स्तनाच्या वरच्या बाजूचं बहुतेक काही बदलत नाही. एक्स-रेची नळी तीच. मधली पारदर्शक पट्टी तीच. स्तन जिच्यावर टेकवतात त्या पाटीच्या आत काय आहे, ते तेवढं बदलतं. पूर्वी तिथे फिल्मची कॅसेट सरकवत असू. मग ती कॅसेट घेऊन टेक्निशियन डार्करूममध्ये जायची, डेव्हलपर आणि फिक्सरमधून फिल्म बाहेर यायची आणि फोटो बिघडला असेल तर तेव्हा कळायचं. आता तिथे डिटेक्टर आहे. एक्स-रे त्याच्यावर पडले की त्यांचे विद्युत संकेत होतात आणि काही सेकंदांत चित्र पडद्यावर येतं. फोटो टिपण्याची रीत बदलली. ज्याचा फोटो काढायचा, ते शरीर तेच राहिलं.

दाबायचं का, हे कणकेवरून कळेल. कणकेच्या गोळ्यात दोन खडे असतील तर वरून ते दिसत नाहीत. गोळा लाटला की दिसतात. स्तनात चरबी, ग्रंथी आणि नलिका एकमेकींवर रचलेल्या असतात आणि मॅमोग्राफीत त्या सगळ्यांची सावली एकाच सपाट चित्रात पडते. जाडी कमी केली नाही, तर निरोगी ग्रंथींची सावली गाठीवर पडून गाठ झाकली जाते, नाहीतर दोन निरोगी सावल्या एकमेकींवर पडून नसलेली गाठ उभी राहते. दुसरं कारण हालचालीचं. दाबलेला स्तन हलत नाही. मोबाइलवर हललेला फोटो कितीही भारी कॅमेऱ्याचा असला तरी हललेलाच असतो ना, तसंच हे. आणि तिसरं कारण कुणी सांगतच नाही: जाडी कमी झाली की एक्स-रेही कमी लागतात. "दाबू नका" म्हणणारी बाई स्वतःला जास्त रेडिएशन मागून घेत असते.

हा दाब साधारण १०० ते २०० न्यूटन असतो, म्हणजे १० ते २० किलो वजनाइतका. मोटरनं दिल्या जाणाऱ्या दाबाला अमेरिकेच्या नियमांनी २०० न्यूटनची वरची मर्यादा घातली आहे. दोन्ही बाजूंचे मिळून चार फोटो निघतात आणि प्रत्येक वेळी दाब काही सेकंदच राहतो. फोटो निघताच पट्टी आपोआप वर जाते. दुखतं का? काहींना दुखतं, आणि ते नाकारणं खोटेपणाचं आहे. पाळी येण्याआधीच्या आठवड्यात स्तन हुळहुळे असतात, म्हणून पाळी सुरू असलेल्यांनी पाळी संपल्यावरच्या आठवड्यातली तारीख घ्यावी. सहन होईना तर टेक्निशियनला तसं सांगावं. ती दाब हळूहळू वाढवू शकते.

याच गैरसमजाचा एक विखारी भाऊ आहे: "दाबल्यानं गाठ फुटते आणि कॅन्सर अंगभर पसरतो." मी हे शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकलं आहे, एकदा तर रुग्णाच्या डॉक्टर भाच्याकडून. मॅमोग्राफीच्या दाबानं कॅन्सर पसरतो याला कसलाही पुरावा नाही. जगभर गेली कित्येक दशकं कोट्यवधी स्त्रियांची ही तपासणी होते आहे. मात्र या एका वाक्याच्या भीतीनं तपासणी टाळून, गाठ हाताला लागत असूनही वर्षभर पदराआड ठेवून, कातडीवर जखम झाल्यावर आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पसरायचं ते त्या वर्षभरात पसरलं होतं. ग्लोबोकॅन या जगभरच्या कॅन्सर-आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर झाल्याचं निदान झालं आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्यानं गेल्या. या दोन आकड्यांतलं अंतर इतकं कमी असण्यामागे उशिरा येणं हे फार मोठं कारण आहे. असलं वाक्य बोलण्याआधी माणसानं या आकड्यांकडे एकदा बघावं.

दुसरी समजूत उलट टोकाची: डिजिटल म्हणजे सगळं दिसतं. अनेकांना नवल वाटेल, पण बारकाव्याच्या निव्वळ मापात फिल्मच सरस होती. फिल्मवर एका मिलिमीटरमध्ये १५-२० रेषांच्या जोड्या वेगळ्या ओळखता यायच्या. डिजिटल डिटेक्टरचा एकेक ठिपका ७० ते १०० मायक्रॉनचा, त्यामुळे तिथे हा आकडा ५ ते ७ वर थांबतो. डिजिटल जिंकतं ते पांढऱ्यात पांढरं वेगळं करण्यात. फिल्म एकदा धुऊन आली की तिचा काळेपांढरेपणा कायमचा ठरायचा. डिजिटल चित्रात दाट, ग्रंथींनी भरलेला भाग मी हवा तसा उजळून, गडद करून, मोठा करून बघू शकते. हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. अमेरिका आणि कॅनडातल्या ३३ केंद्रांत ४९,५२८ स्त्रियांची फिल्म आणि डिजिटल अशी दोन्ही तपासणी केलेला 'डीमिस्ट' हा अभ्यास २००५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. सर्व स्त्रिया एकत्र धरल्या तर दोन्ही पद्धती जवळपास सारख्या ठरल्या. डिजिटल ठळकपणे चांगलं ठरलं ते पन्नाशीच्या आतल्या, पाळी चालू असलेल्या किंवा नुकतीच थांबू लागलेल्या आणि दाट स्तनांच्या स्त्रियांमध्ये. म्हणजे फायदा खरा आहे, पण तो कुणाला आहे हेही सांगायला हवं.

आणि तरीही चुकतं. अमेरिकेतल्या डिजिटल मॅमोग्राफीच्या मोठ्या नोंदींवर २०१७ साली आलेल्या अभ्यासात १०० पैकी सुमारे ८७ कॅन्सर मॅमोग्राफीत पकडले गेले होते. उरलेले १३ निसटले. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला आणि गाठ मात्र हाताला लागते आहे, असं असेल तर रिपोर्ट फायलीत घालून घरी बसू नका. सोनोग्राफी लागेल, कदाचित सुईची तपासणीही लागेल.

"डिजिटल म्हणजे रेडिएशन नाही" हेही खोटं. एक्स-रे आहेतच. त्याच डीमिस्ट अभ्यासात मोजलेला सरासरी डोस फिल्मला दर फोटोमागे २.३७ मिलिग्रे आणि डिजिटलला १.८६ होता, म्हणजे सुमारे २२ टक्के कमी. कमी झाला, शून्य झाला नाही. संपूर्ण तपासणीचा परिणामकारक डोस ०.४ मिलिसिव्हर्टच्या आसपास असतो आणि माती, हवा, आकाश यांतून आपल्याला वर्षाकाठी जगाच्या सरासरीनं सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. गळ्याला थायरॉइड गार्ड बांधायचा आग्रह धरायला लावणारा एक मेसेज मोबाइलवर फिरत असतो. त्याला अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनं २०११ सालीच उत्तर दिलं आहे: थायरॉइडपर्यंत पोचणारं रेडिएशन नगण्य असतं, उलट तो गार्ड चित्रात येऊन फोटो पुन्हा काढायची वेळ येऊ शकते.

आता सेंटरच्या पाटीबद्दल. बाहेर "डिजिटल" लिहिलं म्हणजे आत एकच प्रकारचं मशीन असतं असं नाही. जुन्याच मशीनमध्ये फिल्मऐवजी फॉस्फरची कॅसेट घालून ती रीडरमधून वाचतात, त्यालाही डिजिटल म्हणतात. ते सीआर. डिटेक्टर मशीनमध्येच बसवलेला असतो ते डीआर. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर हजार तपासण्यांमागे डीआरनं ४.९, फिल्मनं ४.८ आणि सीआरनं ३.४ कॅन्सर शोधले होते. तिथल्या सरकारनं सीआर मशीनं बदलायला घेतली. तेव्हा तारीख घेतानाच विचारा, "मशीन सीआर आहे की डीआर?" विचारण्यात संकोच कसला?

आणखी काही समजुती. "कॉम्प्युटरच रिपोर्ट काढतो": नाही, तो डॉक्टर काढतात. "स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, बघून सांगा": हे चित्र वाचायला ५ मेगापिक्सेलचे खास मॉनिटर लागतात, मोबाइलवरून मत मागू नका आणि देऊ नका, सीडी घेऊन या. "सुई लावली की पसरतो": दाबाच्या भीतीइतकंच निराधार. काखेत पावडर किंवा डिओडरंट लावून येऊ नका, त्यांचे कण चित्रात कॅल्शियमसारखे दिसू शकतात.

जुन्या फिल्म्सचं मात्र नीट ऐका. "आता डिजिटल झालं, त्या काय कामाच्या" म्हणून बायका त्या भंगारवाल्याला देतात. फिल्ममधल्या चांदीपायी तो आवडीनं घेतो. आजच्या चित्रात दिसणारी सावली पाच वर्षांपूर्वीही तेवढीच होती, हे सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो. ती फिल्म असली की कितीतरी जणींची सुई वाचते.

आणि "आमच्या तालुक्याला डिजिटल मशीन नाही, मग आम्ही काय करणार" असं म्हणणाऱ्यांसाठी एक मुंबईतलीच गोष्ट. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं स्तन तपासले. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांचे निष्कर्ष २०२१ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आले. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतली घट ठोस म्हणण्याइतकी नव्हती, पण पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यातही ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी करायची, असं आहे.

तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात ती होते का, याची चौकशी याच आठवड्यात करा. आणि मॅमोग्राफीला याल तेव्हा जुन्या फिल्म्स घेऊन या, पट्टी खाली आली की मागे सरकू नका, टेक्निशियन सांगेल तेवढे क्षण श्वास रोखून धरा.