पॅकिंगचे काम बाहेर देणे : निर्णय, खर्च आणि जबाबदारी

भिलाई पोलाद कारखान्यातले रेल्वे रूळ वेष्टनाशिवायच वॅगनवर चढतात. पण त्याच टाउनशिपमधल्या सेक्टर १० च्या किराणा दुकानात मसाला, टूथपेस्ट, बिस्किटे यांतले बहुतेक काही वेष्टनाशिवाय विकता येत नाही. हे वेष्टन उत्पादकाने स्वतः करावे की तज्ज्ञ कंपनीला द्यावे, हे आपण या टिपणात पाहू.

दोन वेगळे व्यवहार

पहिल्या व्यवहारात वेष्टन बाहेरून विकत घेतले जाते आणि माल कारखान्यातच भरला जातो. टूथपेस्टची ट्यूब हे याचे उदाहरण. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एस्सेल पॅकेजिंगने (२०२० पासून ईपीएल लिमिटेड) ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंद येथे लॅमिनेटेड ट्यूब बनवल्या. प्लास्टिक व इतर थर एकत्र चिकटवणे, छपाई, तोंड बसवणे यासाठी महागडी यंत्रे लागतात. अनेक ग्राहकांचे काम एकत्र आले की या यंत्रांचा खर्च विभागला जातो.

दुसऱ्या व्यवहारात मालच बाहेर पाठवला जातो. तिथे तो भरून, सीलबंद होऊन, लेबल लागून परत येतो. याला कंत्राटी पॅकिंग म्हणतात.

हिशेब कसा करावा?

समजा, एका मसाला उद्योगाला स्वतःचे पॅकिंग यंत्र, कामगार व जागा यांसाठी वर्षाला ३,६०,००० रुपये स्थिर खर्च येतो आणि प्रत्येक पाकिटामागे ५० पैसे बदलता खर्च येतो. बाहेरची कंपनी पाकिटामागे २ रुपये घेते. फरक १.५० रुपयांचा.

३,६०,००० ÷ १.५० = २,४०,००० पाकिटे

वर्षाला यापेक्षा कमी पाकिटे असतील तर काम बाहेर देणे स्वस्त, जास्त असतील तर स्वतः करणे स्वस्त. मात्र वाहतूक, वाया जाणारा माल आणि गुणवत्ता तपासणी हे खर्चही या हिशेबात धरावेत. विद्यार्थी नेमके तेच विसरतात.

जबाबदारी कोणाची?

काम बाहेर देता येते, जबाबदारी देता येत नाही. वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार पाकिटात ठरलेल्या मर्यादेपलीकडे वजन कमी भरले, तर पॅक करणाऱ्याइतकाच पॅक करवून घेणाराही दोषी ठरू शकतो. २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे उत्पादक आणि पॅकर वेगळे असतील, तर पाकिटावर दोघांचीही नावे व पत्ते द्यावे लागतात.

म्हणून करारात वजनाची चाचणी, नमुना तपासणी, छापील फिल्मचा हिशेब आणि सदोष माल परत घेण्याची अट स्पष्ट लिहावी. उरलेली छापील फिल्म पॅकरकडेच राहिली, तर बनावट मालाचा धोका वाढतो.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात बाहेरच्या कंपनीचा दर १.७० रुपये झाला, तर समतोल संख्या किती होईल?
२. घरातले एखादे पाकीट घ्या. त्यावर उत्पादक आणि पॅकर एकच आहे का, ते पाहा.