शेळी काय देते?

काही वर्षांपूर्वी माणदेशातल्या एका गावी बालवाडीच्या वर्गात तासभर बसण्याचा योग आला. सतरंजीवर पंचवीस-तीस मुले, भिंतीवर 'पाळीव प्राणी' असा ठळक मथळा असलेला रंगीत तक्ता आणि बाईंच्या हातात लाकडी पट्टी. पट्टी एकेका चित्रावर टेकत होती आणि वर्ग एका सुरात उत्तर देत होता.

"गाय काय देते?"

"दूऽध!"

"कोंबडी काय देते?"

"अंडीऽ!"

"शेळी काय देते?"

"दूऽध!" या गजरात मागच्या रांगेतून एक बारीक आवाज वेगळाच निघाला. "करडं!"

वर्ग हसला. बाई काही रागावल्या नाहीत. "दूध म्हणायचं, बाळा," एवढेच म्हणाल्या आणि पट्टी मेंढीवर गेली. पोरगा मात्र खाली मान घालून बसला, तो तास संपेपर्यंत पुन्हा बोलला नाही.

मधल्या सुट्टीत मी त्याला गाठले. शेळीचे विचारल्याबरोबर त्याची कळी खुलली. "आमच्या शेळीनं दोन दिली. एक पाठ हाय, एक बोकड. बोकड इकून आई घरावर पत्रं घालणार हाय." मी विचारले, "आणि दूध रे?" माझ्या अज्ञानाची कीव करीत तो म्हणाला, "ते करडं पित्यात की!"

पोरगा बरोबर होता. त्या भागातल्या दारोदार दिसणारी काळी उस्मानाबादी शेळी जुळ्या करडांसाठी नावाजलेली आहे. तिचे दूध बेताचेच, करडांचे भागून उरले तर घरच्या चहापुरते. शेतमजुराच्या घरी अडीअडचणीला जे विकता येते ते करडू. पाच वर्षांच्या मुलाला घराचे अर्थशास्त्र ठाऊक होते, तक्त्याला नव्हते.

तेव्हापासून जिथे जाईन तिथे हे तक्ते निरखून पाहण्याची मला खोडच लागली आहे. गाय बहुधा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, पाठ सपाट, वशिंडाचा पत्ता नाही. अशा संकरित गाई आता गावोगावी आहेत हे खरे. पण खिल्लारच्या माहेरात, जिथे तलवारीसारख्या मागे वळलेल्या शिंगांचे बैल रोज दारावरून जातात, तिथल्या पोरांनी 'गाय' म्हणून हीच एक ओळखावी? मेंढी पांढरीशुभ्र, कापसाच्या गोळ्यासारखी. आपली दख्खनी मेंढी बहुतेक काळी, तिची लोकर राठ. त्या लोकरीची घोंगडी होतात. पण घोंगड्यांना पूर्वीची मागणी राहिली नाही. मेंढपाळाचे पोट आज चालते ते मेंढ्या विकून आणि शेतात कळप बसवून. रात्रभर मेंढ्या रानात बसल्या की लेंड्यांचे खत जागच्या जागी पडते आणि शेतकरी त्याचे धान्य किंवा पैसे देतो. 'मेंढी काय देते?' याचे उत्तर 'खत' असे एखाद्या धनगराच्या पोराने दिले, तर त्याचीही मान खाली जाणार काय? आणि म्हशीचे काय सांगावे! देशातल्या दुधात निम्म्याच्या आसपास वाटा तिचा. पण तक्त्यावर तिला जागा मिळाली तर कोपऱ्यात.

चित्रे बदलता येतील. मला खरी अडचण वाटते ती त्या 'देते' या क्रियापदाची. नळ पाणी देतो, तशी गाय दूध देते, असेच मुलाच्या मनात बसते. गाय व्याली तरच दूध येते, ते वासरासाठी येते, पुढच्या वेताआधी ती आटते, तिला आईसारखेच नऊ महिने पोटात बाळ वाढवावे लागते, हे बालवाडीत कोणी सांगत नाही. सांगून पाहा, मुले डोळे विस्फारून ऐकतात. शेळीचे पाच महिने, कोंबडीच्या अंड्याचे एकवीस दिवस. हे आकडे मुले पाढ्यांपेक्षा लवकर पाठ करतात.

आपली भाषा या बाबतीत तक्त्यापेक्षा कितीतरी शहाणी आहे. गाभण, व्यालेली, दुभती, भाकड असा गाईचा सगळा संसार तिच्यात आहे. ('भाकडकथा' म्हणजे दूध न देणारी कथा, हे शहरातल्या किती आयांना माहीत असेल?) धार काढणारा आधी वासराला सोडतो, ते ढुशा देते, मग गाईला पान्हा फुटतो आणि मग वासराला ओढून बाजूला बांधतात. कधी गाय 'पान्हा चोरते', म्हणजे वासरासाठी दूध वर ओढून धरते. हा एक शब्द मुलांना समजावला तरी गाय काय 'देते' आणि आपण काय घेतो, ते त्यांचे त्यांना कळते.

हे काही नवे मी सांगते आहे असे नाही. ताराबाई मोडक १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येत ना, कारण ती गुरे घेऊन रानात जात. या बायांनी मुलांना दोष दिला नाही, शिक्षकालाच गुरांमागे रानात पाठवले. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरत आहेत आणि तिथेच झाडाखाली शाळा चालली आहे, ही कल्पना आज ऐकायला गोड वाटते. पण त्यामागचा विचार करडा होता: गुरे राखणाऱ्या मुलाला काही येते, हे आधी मान्य करायचे.

माणदेशातला तो पोरगा मनात घर करून होता. पुढे पुण्यातल्या एका बालवर्गात 'प्राणी' हा विषय निघाला तेव्हा मी तिथल्या ताईंना म्हटले, तक्ता राहू द्या, शेळीच आणू. शहराच्या कडेला शेळ्या राखणाऱ्या एका मावशींना विनंती केली आणि त्यांचा बुडालेला रोज भरून दिला. त्या शेळी घेऊन आल्या, मागे दोन करडे. अंगणात झाडाच्या सावलीत बांधली, एका वेळी चार-पाच मुलेच जवळ सोडली, भित्र्यांना लांबून पाहू दिले, डब्यातले काही भरवू दिले नाही आणि शेवटी सगळ्यांचे हात साबणाने धुतले. एवढी काळजी घेतली की पुरे.

अर्ध्या तासात मुलांनी जे पाहिले ते मला साठ वर्षांत दिसले नव्हते. एक मुलगी ओरडली, "हिच्या डोळ्यातली बाहुली आडवी आहे!" खरेच आडवी, एखाद्या फटीसारखी. मावशींनी तोंड उघडून दाखवले तर पुढचे दात फक्त खाली, वर नुसती कडक हिरडी. गाईचेही तसेच असते, मावशी म्हणाल्या. पाला नसतानाही ती काय चघळते, या प्रश्नातून रवंथ निघाले. लेंड्यांना शेणासारखा वास येत नाही, हा शोध दोन मुलांनी नाक लावून लावला. ताईंचा जीव वरखाली झाला.

मग एकाने विचारले, "बोकड मोठा झाला की कुठे जाणार?"

"बाजारात," मावशी म्हणाल्या.

"मग?"

मावशींनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. त्या सरळ म्हणाल्या, "मग त्याचं मटण व्हतं, बाळा."

कोणी गप्प झाले, एकाने "आमच्याकडे रविवारी असतं" असे सांगितले, एक मुलगी रडू लागली. दुसऱ्या दिवशी तिची आई भेटायला आली. एवढ्या लहान वयात हे कशाला, असे तिचे म्हणणे होते, आणि ते अगदीच चुकीचे आहे असे मला वाटत नाही. आपण होऊन मी ते सांगितले नसते. पण मुलाने तोंडावर विचारले असताना "बोकड आपल्या मामाच्या गावाला जातो" असे सांगायला माझी जीभ वळत नाही. मुलीच्या आईला मी हेच सांगितले. तिला ते पटले की नाही, कोण जाणे.

मावशी निघाल्या तेव्हा मुलांनी त्यांना फाटकापर्यंत सोबत केली. "मावशी, हिचं नाव काय?"

"चंद्री."

"आणि पिल्लांचं?"

"करडांस्नी नाव ठेवत न्हाई," मावशी म्हणाल्या आणि दोर ओढून चालू लागल्या. तोपर्यंत मुलांनी काळ्या बोकडाला चार नावे देऊन टाकली होती, आणि त्यातले कोणते ठेवायचे यावरून फाटकाशी भांडण जुंपले होते.