कर्षण-पतंग
वाऱ्याच्या ओढीने माणूस, गाडी किंवा होडी खेचण्यासाठी वापरण्यात येणारा मोठा पतंग. सांगाड्याच्या प्रकारात कापड दांड्यांवर ताणून बसविलेले असते व दोन किंवा अधिक दोऱ्यांनी पतंग हवा तसा वळविता येतो. इंग्लंडमध्ये जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगांनी ओढावयाच्या गाडीचे एकस्व घेतले. सॅम्युएल कोडी यांनी १९०३ मध्ये पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली.

पतंगाची ओढ त्याच्या क्षेत्रफळाच्या आणि सापेक्ष वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाल्यास ओढ चौपट होते. म्हणून नव्या पतंगाची चाचणी मंद व स्थिर वाऱ्यात घेतात. पतंग प्रथम वाऱ्याच्या पट्ट्याच्या कडेला ठेवतात, कारण मध्यभागी ओढ सर्वाधिक असते. कापडे (ता. पोलादपूर, जि. रायगड) यांसारख्या डोंगराळ भागात कड्यांमुळे वाऱ्यात भोवरे व झोत निर्माण होतात. अशा वेळी ओढ अकस्मात वाढून उडविणारा फरफटला किंवा उचलला जाण्याचा धोका असतो. त्यामुळे झाडे व विजेच्या तारा नसलेला मोकळा समुद्रकिनारा अधिक सोयीचा ठरतो. पतंगाची ओढ तत्काळ तोडणारी कळ मात्र सर्वत्र आवश्यक असते.