एकच सायकल, चार तऱ्हेची जमीन

गुलबर्ग्यात सायकलीच्या दुकानात शिरलं की आधी रंगाची चर्चा होते, मग शॉकरची आणि मग गिअर किती याची. ती कोणत्या जमिनीवरून चालणार आहे, हे विकणारा विचारत नाही आणि घेणाराही सांगत नाही. माझी पहिली गिअरची सायकल मी अशीच घेतली होती. पुढे-मागे शॉकर, २१ गिअर, खडबडीत जाड टायर. उन्हाळाभर मिरवली. मृगाचा पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी आळंदकडच्या काळ्या रानातून ती मला घरी आणू शकली नाही. मीच तिला खांद्यावर घालून आणलं. सायकल अठरा किलोंची, वर चिखल निराळा.

पुढचं सगळं त्या संध्याकाळी सुचलेलं आहे. पंधरा हजारांच्या आसपास पैसे आहेत, घरात एकच सायकल ठेवायची आहे आणि गुलबर्गा-बीदरकडच्या सगळ्या वाटांवर ती चालायला हवी आहे, असं धरून चालू.

आधी जमीन ओळखा

आपल्याकडे चार तऱ्हेची जमीन चाकाखाली येते.

काळी माती: गुलबर्गा, आळंद, अफजलपूर, जेवर्गीकडचं तुरीचं रान. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती तूर इथलीच. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात तिच्यावरची गाडीवाट दगडासारखी टणक असते. पावसात मात्र ती चाकावर थरांवर थर चढवते आणि थोड्याच अंतरात चाक चिमट्यात अडकून फिरायचं थांबतं.

लाल मुरूम: बीदर, हुमनाबाद, चिंचोळीकडचा भाग. बीदरचं पठार जांभ्याचं आहे. तिथला बहमनी किल्ला आणि नौबादचं जुनं भुयारी पाणीकाम या जांभ्यातलंच. मुरमात पाणी पटकन मुरतं, म्हणून चिखलाचा त्रास कमी. पण वरचे सुटे खडे चाकाखाली गोट्यांसारखे सरकतात.

चुनखडी आणि तिची धूळ: शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम. फरशीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने यांच्यामुळे रस्त्यावर पांढरी भुकटी कायमची. ती चेनच्या तेलात मिसळली की कानशीसारखं काम करते. गल्लीत अंथरलेली घासलेली शहाबादी फरशी ओली झाली की वळणावर चाक निसटतं, ते वेगळंच.

डांबर: नांदेडहून बीदर, हुमनाबाद, गुलबर्गा करत विजापूरकडे जाणारा महामार्ग ५०, आणि हुमनाबादवरून जाणारा सोलापूर-हैदराबाद महामार्ग ६५. रस्ता गुळगुळीत, पण मागून ट्रक आला की सायकलवाल्याला डांबराची कड सोडून मुरमात उतरावं लागतं. त्यामुळे निव्वळ डांबरावर चालणारी बारीक चाकांची सायकल इथे महामार्गालाही पुरत नाही.

मग आठवडा मोजा

एका कागदावर आठ दिवस लिहा: कुठून कुठे गेलो, किती किलोमीटर, कोणत्या जमिनीवरून. बहुतेकांच्या कागदावर डांबर आणि काँक्रीट सर्वांत जास्त निघतं, त्याखालोखाल कच्ची वाट. वर्षातून एकदा पौर्णिमेला चाळीसेक किलोमीटर दामटून गाणगापूरला जायचं, किंवा चिंचोळीच्या जंगलात भटकायचं, या बेताची सायकल घेतली, तर उरलेले ३६० दिवस तिचं ओझं आपण वाहतो. रोज लागणाऱ्या जमिनींपैकी जी सर्वांत वाईट, तिच्यापुरती सायकल घ्यावी. क्वचित येणाऱ्या वाटेवर उतरून चालावं. त्यात कमीपणा नाही.

टायर: निम्मं काम इथेच होतं

गुलबर्ग्यात बर्फ पडत नाही, तो गुलमर्गात पडतो. पण तिथे स्की घेणाऱ्यापुढे हाच पेच असतो. भुसभुशीत ताज्या बर्फावर रुंद पट्टी तरंगते, घट्ट दाबलेल्या बर्फावर अरुंद पट्टी कडेने पकड घेते. एकाच जोडीत भागवायचं असेल तर लोक मधली, साधारण ८० ते १०० मिलिमीटर रुंदीची पट्टी निवडतात. सायकलीतही मधलं माप आहे: ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचा टायर. २५ मिलिमीटरचा टायर मुरमात रुततो आणि खड्ड्यात रिम ठोकतो. ५० ते ५५चा टायर मुरमावर मजेत जातो, पण डांबरावर घरघर करत दमवतो.

काळ्या मातीत मात्र बर्फाचा नियम उलटतो. रुंद टायर चिखलावर तरंगत नाही, तो जास्त चिखल गोळा करतो. तिथे महत्त्वाची असते टायर आणि चिमटा यांच्यामधली मोकळी जागा. दुकानात बोट घालून पाहा. टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वरही एक बोट सहज फिरलं पाहिजे. मडगार्ड बसवल्यावरही फट उरायला हवी.

नक्षी मधोमध जवळजवळ सपाट आणि कडांना गाठी असलेली घ्या. सरळ रस्त्यावर मधला भाग टेकतो आणि सायकल हलकी जाते. मुरमात वळताना कडेच्या गाठी पकडतात.

टायरच्या बाजूवर ३८-६२२ असे आकडे असतात. पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा पाठ करा. ६२२ म्हणजे दुकानात ज्याला ७०० सी किंवा २९ इंची म्हणतात तो. ५८४ म्हणजे साडेसत्तावीस. ५५९ म्हणजे नेहमीचा २६ इंची. जुन्या काळ्या दांडीच्या सायकलीचा २८ इंची टायर बहुधा ६३५चा असतो. तो ६२२च्या रिमवर बसवायला जाल तर १३ मिलिमीटरचा फरक पडतो आणि टायर निघून येतो. तुमच्या गावातल्या पंक्चरवाल्याकडे कोणत्या मापाची ट्यूब मिळते, हे सायकल घेण्याआधी विचारून या. औराद किंवा भालकीच्या पुढच्या खेड्यात २६ इंची ट्यूब हाताशी असेल तर तो मुद्दा कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोठा.

शॉकर: स्वस्तातला नकोच

चांगल्या शॉकरमध्ये दोन गोष्टी असतात. स्प्रिंग दणका गिळते, आणि आतलं तेल तिला परत उसळू देत नाही. या किमतीच्या सायकलीत नुसती स्प्रिंग मिळते. ती दणका थोडा गिळते आणि नंतर उसळी मारते. चढावर उभं राहून पॅडल मारलं की पायातलं बळ तिला दाबण्यात जातं. वजन दोन-अडीच किलो, आणि एक पावसाळा गेला की आत गंज. मागचाही शॉकर असेल तर सांध्यांच्या बुशा खिळखिळ्या होऊन सायकल कुरकुरू लागते.

साध्या चिमट्याला यातलं काही होत नाही. मुरमाचा खडखडाट कमी करायचा असेल तर टायरमधली हवा कमी करा. ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये सत्तर किलोच्या माणसाने डांबरावर ४५ पीएसआयच्या आसपास हवा ठेवावी आणि कच्च्या वाटेवर ३५च्या जवळ उतरावी. टायरवर छापलेली किमान-कमाल मर्यादा मात्र ओलांडू नये. हा शॉकर फुकटात मिळतो.

गिअर: मोजून घ्या

२१ गिअर म्हणजे पुढे तीन आणि मागे सात चकत्या. त्यातले कितीतरी एकमेकांसारखेच असतात. पुढे २४ दाते, मागे २८ असताना पॅडलच्या एका फेरीत सायकल १.९ मीटर पुढे जाते. पुढे ४२, मागे १४ असताना ६.६ मीटर. बाकीचे सगळे गिअर या दोन टोकांच्या मधले.

गुलबर्गा शहरात आणि अफजलपूर-जेवर्गीच्या सपाटीवर बिनगिअरची सायकल पुरते. मोडण्यासारखं तिच्यात काही नसतं. बीदरच्या पठारावरून मांजरेच्या खोऱ्यात उतरून परत चढायचं असेल, किंवा मागे तीस किलोचं पोतं असेल, तर गिअर हवेत. पुढे एकच चकती आणि मागे सात असल्या तरी भागतं. पुढचा गिअर बदलणारा सांगाडा गेला की चिखल अडकायची एक जागा कमी होते.

ब्रेक: मिस्त्री कोण, ते पाहून

रिमवर दाबणाऱ्या रबरी ब्रेकचे तुकडे कुठेही मिळतात आणि साधा पाना घेऊन घरी बदलता येतात. पण काळा चिखल रिमवर बसला की त्यातली खर रबर आणि रिम दोन्ही खाते. डिस्क ब्रेक चाकाच्या मध्यावर, चिखलापासून दूर असतो, म्हणून पावसातही धरतो. तारेचा डिस्क वारंवार जुळवावा लागतो. तेलाचा डिस्क छान, पण त्यातली हवा काढणारा मिस्त्री जवळ हवा. वर्षभर कच्च्या वाटेने जाणाऱ्याने तारेचा डिस्क घ्यावा आणि त्याच्या पॅडचे दोन जादा जोड दुकानातूनच आणावेत. शहरात राहणाऱ्याला रबरी ब्रेक पुरे.

माप: फुकटची चैन

सायकलवर दोन्ही पाय टेकून उभं राहा. दांडी आणि जांघ यांत दोन इंच तरी अंतर हवं. मग सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवल्यावर गुडघ्याला आपोआप योग्य बाक येतो. आपल्याकडे निम्मे लोक सीट खाली ठेवून चालवतात आणि गुडघेदुखीला वयाचं नाव देतात. मुलाला ‘वाढेल त्यात’ म्हणून मोठी सायकल घेऊ नका. सदरा ढगळ चालतो, सायकल चालत नाही.

काटे आणि हवा

बांधावरची बाभूळ आणि रस्त्याकडेची वेडी बाभूळ यांचा काटा टायरच्या जाडीला जुमानत नाही. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये बसणारी पट्टी घाला. मिळाली नाही तर जुन्या टायरच्या दोन्ही कडा कापून त्याचा अस्तरासारखा उपयोग होतो. जवळ एक ट्यूब, दोन लिव्हर आणि छोटा पंप असू द्या. मोटारसायकलसारखा व्हॉल्व असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते, मात्र थोडी-थोडी. तिथल्या कॉम्प्रेसरला सायकलीची ट्यूब म्हणजे फुगा.

पैशांची वाटणी

पंधरा हजारांतले बारा सायकलीवर घाला आणि तीन बाजूला ठेवा: हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप, पंप, मडगार्ड, ट्यूब यांच्यासाठी. बारा हजारांत चांगले टायर, मजबूत रिम आणि साधा चिमटा मिळतो. त्याच पैशात शॉकर आणि रंगरंगोटी हवी असेल तर कंपनी रिम आणि बेअरिंगमध्ये काटकसर करते. खेडेगावी राहणाऱ्याला लोखंडी सांगाडा वाईट नाही. वजन जास्त, पण तडा गेला तर गावातला वेल्डर जोडतो; ॲल्युमिनियमचं काम त्याच्या हातचं नसतं. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या छापील किमतीचा माल असेल तर हिशेब मागा.

जुनी घ्यायची तर

कर्नाटक सरकारने २००६-०७पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना मोफत सायकली द्यायला सुरुवात केली. त्यातल्या कित्येक अजून घराघरांत भिंतीला टेकून आहेत. बिनगिअरच्या आणि दणकट असल्याने नवे टायर, नव्या केबल आणि बेअरिंगचे नवे छर्रे घातले की गावातल्या गावात त्या मजेत चालतात.

गिअरची जुनी घेताना तीन गोष्टी पाहा. चाक उचलून फिरवा. ब्रेकजवळ डुलत असेल तर आउट आहे. ते काढता येतं, पण रिमला चीर असेल तर नाही. चिमट्याच्या वरच्या सांध्याजवळ रंगाला बारीक भेग असेल तर खाली सांगाडा तडकलेला असू शकतो. ती सायकल सोडून द्या. शेवटी फूटपट्टी लावा. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्या एक अष्टमांश इंचाने वाढल्या असतील तर चेन गेली, आणि तिच्यासोबत फ्रीव्हीलचे दातेही.

नवी असो वा जुनी, पैसे देण्याआधी एक गोष्ट करा. दांडीला धरून सायकल खांद्यावर घ्या आणि दुकानासमोर पन्नास पावलं चाला. दुकानदार हसेल, हसू द्या. काळ्या रानातून घरापर्यंत तो येणार नाही.