सोळा वर्षांच्या पोराचं ‘ऑफिस’

उद्या प्रोजेक्ट सबमिशन आणि लॅपटॉपवरच्या ऑफिसची ट्रायल नेमकी आज संपली? मग ही गोष्ट तुमच्यासाठीच! ऐंशीच्या दशकात जर्मनीत सोळा वर्षांच्या मार्को ब्योरिसने ‘स्टार डिव्हिजन’ कंपनी काढली. तिचंच ‘स्टारऑफिस’. १९९९ मध्ये ही कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली आणि २००० मध्ये ऑफिसचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. तेच ‘ओपनऑफिस’! २०१० मध्ये सन ओरॅकलच्या ताब्यात गेली. पुढे काय, या काळजीने त्यावर काम करणाऱ्या अनेकांनी त्याच कोडवरून ‘लिब्रेऑफिस’ उभं केलं. मालक बदलले, पण कोड खुला होता म्हणून काम थांबलं नाही. तेव्हा क्रॅक शोधत बसू नका. हे फुकट आहे, तेही अगदी कायदेशीर. आजच डाउनलोड करा, प्रोजेक्ट वेळेत जाईल!