तरंगत्या नगरातील सात रात्री

बोट म्हटली की आपल्याकडच्या जुन्या माणसांना भाऊचा धक्का आठवतो. वळकट्या, ट्रंका, आंब्याच्या करंड्या, डेकवर जागा धरण्यासाठी घाईघाईने पसरलेली सतरंजी आणि बंदर आले की शिडीवरून जीव मुठीत धरून पडावात उतरणारी मुलेबाळे! त्या बोटीत माणूस बसे तो कुठेतरी पोहोचण्यासाठी. बोटीतला वेळ म्हणजे निमूटपणे काढायची शिक्षा.

आता त्याच्या उलट कल्पना करून पाहा. बोटीतून कुठे जायचेच नाही, बोटीतच राहायला जायचे! ज्या धक्क्यावरून निघालो त्याच धक्क्यावर सात दिवसांनी परत यायचे आणि मध्ये जे खाल्ले, पाहिले, पोहले, त्यालाच प्रवास म्हणायचे. याला म्हणतात क्रूझ. आज आपल्याकडची पुष्कळ कुटुंबे सिंगापूरहून, मुंबईहून किंवा अमेरिकेतल्या मुलाबाळांकडे गेली असता तिथून अशी सफर करून येऊ लागली आहेत. तेव्हा हे प्रकरण आहे तरी काय, ते जरा नीट पाहू या.

कल्पना कोणाची?

सुट्टीसाठी बोट, ही कल्पना निघाली ती व्यापारी अडचणीतून. हँबुर्ग-अमेरिका कंपनीचे आल्बर्ट बालिन यांना एक चिंता होती. हिवाळ्यात अटलांटिक खवळला की उतारू मिळत नसत आणि एवढ्या मोठ्या बोटी रिकाम्या पडत. म्हणून १८९१ च्या जानेवारीत त्यांनी आपली 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट भूमध्य समुद्रात नुसती हौसेची सफर करण्यासाठी पाठवली. लोकांना ती आवडली.

पुढे १९५८ मध्ये अटलांटिकवरून जेट विमाने उतारू नेऊ लागली. जो प्रवास बोटीने पाच दिवसांचा, तो विमानाने काही तासांचा झाला. बोटीच्या धंद्यावर गदाच आली म्हणायची! पण ज्यांना घाई नव्हती अशांसाठी १९६६ पासून फ्लॉरिडातील मायामी बंदरातून 'सनवर्ड' बोटीच्या सफरी सुरू झाल्या आणि आजच्या क्रूझच्या धंद्याचा पाया तिथे घातला गेला.

मग बोटी वाढतच गेल्या. 'टायटॅनिक' तिच्या काळी जगातली सर्वांत मोठी बोट. तिचे टनेज ४६,३२८. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या बोटीचे टनेज सुमारे २,४८,००० आहे. म्हणजे पाच टायटॅनिक पोटात घालून वर जागा उरावी! (हे टन वजनाचे नव्हेत बरे का, बोटीच्या पोटातील जागेचे ते माप आहे.) लांबी ३६५ मीटर, मजले वीस, खलाशी आणि नोकरवर्ग मिळून २,३५० आणि सगळ्या खाटा भरल्या तर उतारू ७,६०० पर्यंत. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाची वस्ती एका बोटीत! फिनलंडमधील तुर्कू येथे बांधलेल्या याच बोटीच्या सफरीची कल्पना आपण करू.

पहिला दिवस

पहिला अनुभव येतो तो बंदरावर. हजारो माणसे चढायची, म्हणून प्रत्येकाला वेळ नेमून दिलेली असते. सामानाला खोलीच्या नंबराची चिठ्ठी लावून ते धक्क्यावरच सोपवायचे. संध्याकाळपर्यंत ते आपोआप खोलीच्या दाराशी येते. म्हणून जाणती माणसे औषधे, कागदपत्रे आणि मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवतात.

बोटीवर पाऊल टाकताच पहिले काम मात्र गंमत नव्हे. संकट आले तर कुठे जमायचे, अंगरखा कसा घालायचा, हे प्रत्येकाने शिकून घ्यावेच लागते. पुष्कळ उतारू कंटाळतात, पण या नियमामागे मोठी किंमत मोजलेली आहे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली आणि ३२ माणसे दगावली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो उतारूंना तोवर हे शिक्षण मिळालेलेच नव्हते. तेव्हापासून बोट हलण्याआधी किंवा हलताक्षणीच हा धडा देणे बंधनकारक झाले. आपल्याला तरी हे वेगळे सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी, मुंबईहून रेवसला निघालेल्या 'रामदास' बोटीबरोबर सहाशेंहून अधिक माणसे बुडाली, ते दुःख कोकणातल्या कितीतरी घरांनी भोगले आहे.

खोली, खाणे आणि धमाल

खोल्या अनेक प्रकारच्या. सर्वांत स्वस्त ती आतली, बिनखिडकीची. दिवा मालवला की दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा सारखेच! त्याहून महाग ती समुद्राकडे खिडकी असलेली आणि त्याहून महाग सज्जाची. या बोटीवर आणखी एक नवलाई आहे. काही खोल्यांचे सज्जे समुद्राकडे नाहीत, ते आत उघडतात; खाली बोटीच्या मधोमध खऱ्याखुऱ्या हजारो झाडांची बाग आहे. समुद्राच्या मध्यावर बसून सकाळचा चहा झाडांकडे पाहत प्यायचा!

धमाल तर विचारूच नका. सात पोहण्याचे तलाव, सहा मोठ्या पाण्याच्या घसरगुंड्या, बर्फावर नाचण्याचे रंगमंदिर, नाटके, गाणी, मुलांसाठी निराळा विभाग. चार वर्षांचे मूल आणि सत्तर वर्षांची आजी यांना एकाच सुट्टीत सुखी ठेवणे किती कठीण, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. इथे मूल खेळात, तरुण मंडळी घसरगुंडीवर, आजी आरामखुर्चीत आणि रात्री सगळे एका टेबलाशी. ना गाडी पकडायची घाई, ना रोज नव्या हॉटेलात पेट्या उघडण्याचा व्याप, ना 'आज काय करू?' हा प्रश्न. सफरीहून आलेल्या गृहिणींना विचारा. पुष्कळजणी बोटीच्या थाटापेक्षा या शेवटल्या सुखाचेच कौतुक आधी करतील.

खाण्याची चंगळ पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालते. शाकाहारी मंडळींनी तिकीट काढतानाच तसे कळवावे आणि पहिल्या रात्री वाढणाऱ्याला पुन्हा सांगावे. मोठ्या बोटींवर वरण-भात नसला तरी भाजी-आमटीच्या जवळपास जाणारे काहीतरी मिळते.

आणि सगळ्यांच्या मनातला प्रश्न: बोट लागते का? एवढी अजस्र बोट, शिवाय दोन्ही बाजूंना पाण्याखाली माशाच्या परांसारखे पंख, यामुळे डोलणे पुष्कळ कमी होते. पण समुद्र तो समुद्रच. खालच्या मजल्यावरची, मध्यावरची खोली त्यातल्या त्यात स्थिर असते. टोकाची आणि उंचावरची अधिक हलते. कॅरिबियन समुद्रात जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम. त्या दिवसांत तिकीट स्वस्त मिळते, पण कप्तान वादळ चुकवण्यासाठी बंदरे बदलू शकतो. त्याबद्दल कुरकुर करून उपयोग नसतो.

बंदर आले!

सात रात्रींत तीन-चार बंदरे लागतात. सेंट मार्टिन हे चिमुकले बेट अर्धे डचांचे, अर्धे फ्रेंचांचे. सेंट थॉमस १९१७ मध्ये डेन्मार्ककडून अमेरिकेने विकत घेतले. दोन्ही ठिकाणी जडजवाहिरांच्या दुकानांत शिरावे तो गल्ल्यावर आपला सिंधी व्यापारी बसलेला! एवढ्या दूर हिंदीतून भाव करण्यात निराळीच मौज आहे. बहामातील एक बेट तर कंपनीनेच आपल्या उतारूंसाठी राखले आहे. त्याचे जुने नाव लिटल स्टिरप के. आता ते कोकोके म्हणून प्रसिद्ध आहे.

एक सूचना मात्र ध्यानात ठेवावी. बोटीचे घड्याळ आणि बंदराचे घड्याळ वेगळे असू शकते. बोट ठरल्या वेळी सुटते, ती एका कुटुंबासाठी थांबत नाही. धक्क्यावर पिशव्या सांभाळत धावणारे उतारू आणि वरच्या मजल्यावरून टाळ्या वाजवणारे प्रेक्षक हा प्रत्येक बंदरातला ठरलेला तमाशा आहे. तो पाहावा, त्यात काम करू नये.

बेटांचाही विचार करायला हवा. एका सकाळी पाच-सहा हजार माणसे उतरतात, चार तास गर्दी करतात, जेवायला बोटीवर परत जातात. गावाच्या हाती पडते थोडे, वाट्याला येतो गोंगाट फार. व्हेनिसने याला कंटाळून १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना आपल्या मुख्य कालव्यांतून जाण्यास मनाई केली. नव्या बोटी द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात. त्यामुळे धूर आणि गंधक कमी होते. पण न जळलेला मिथेन हवेत निसटतो आणि तोही पृथ्वीला तापवतोच. तेव्हा 'स्वच्छ बोट' ही जाहिरात मीठ-मोहरी ओवाळूनच वाचावी!

खिशाची गोष्ट

तिकिटात खोली, साधे जेवण आणि बहुतेक करमणूक येते. पण मद्य, बाटलीबंद पेये, खास उपाहारगृहे, इंटरनेट, बंदरावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत; खोलीच्या किल्लीचे कार्ड पुढे केले की झाले. इथेच मेख आहे! हातातून नोट जात नाही, म्हणून मनाला लागत नाही. शेवटच्या दिवशी हिशेब पाहिला की मग बोट लागते, तीही शांत समुद्रात.

त्यातच नोकरवर्गाची बक्षिसी आपोआप लावली जाते. अमेरिकी बोटींवर ती दरडोई दररोज अठरा डॉलरांच्या घरात असते. चौघांचे कुटुंब सात दिवस गेले तर पाचशे डॉलर तिथेच झाले. बोटीवर दवाखाना असतो, पण त्याचे बिल मोठे. म्हणून प्रवासाचा विमा काढल्याशिवाय, विशेषतः वडीलधाऱ्यांना घेऊन, पाऊल टाकू नये. अमेरिकेतून निघायचे तर तिथला व्हिसा हवाच. ज्यांना एवढे झेपत नाही त्यांच्यासाठी २०२१ पासून मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे निघणारी 'एम्प्रेस' आहे. १९९० ची, आयकॉनच्या पाचव्या हिश्शाएवढी बोट. पण चव घेऊन पाहायला पुरेशी.

पडद्यामागची माणसे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हे सारे वैभव ज्यांच्या हातांवर चालते ती माणसे फिलिपाईन्सची, इंडोनेशियाची आणि पुष्कळशी आपल्या देशाची, त्यांतही गोव्याची आणि मुंबईची असतात. गोवेकरांचे बोटीवरच्या नोकरीशी नाते फार जुने. मुंबईत धोबीतलावला त्यांच्या गावोगावच्या कुडी आहेत. बोट मिळेपर्यंत खलाशी तिथे पथारी टाकत. आजही त्यांच्या घरांतली मुले सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांच्या करारावर जातात. आठवड्याचे सातही दिवस काम. समुद्रावरच्या कामगारांसाठी २०१३ मध्ये अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे. कायद्याने एवढे लिहून ठेवावे लागते, यावरून कामाचा रगाडा ओळखावा.

या नोकरीची खरी कसोटी फेब्रुवारी २०२० मध्ये लागली. जपानमधील योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' बोट ३,७११ माणसांसह अडकवून ठेवली होती. आत करोनाची साथ. सातशेंहून अधिकांना बाधा झाली. बिनखिडकीच्या खोल्यांत कोंडलेल्या उतारूंना त्या दिवसांत सज्जाची किंमत कळली. बोटीवर १३८ भारतीय होते, त्यांतले १३२ नोकरवर्गातले. उतारू दारे बंद करून आत बसले, पण त्यांच्या दारापर्यंत जेवणाची ताटे नेऊन देणारे हात याच नोकरवर्गाचे होते. रोगाची भीती त्यांनाही होतीच. घर त्यांनाही होते.

म्हणून क्रूझला अवश्य जा. वर्षभर कचेरी, शाळा, स्वयंपाकघर यांत वाटले गेलेले कुटुंब सात दिवस एकत्र येते, हे सुख लहान नाही. पण टॉवेलाचा हत्ती करून खाटेवर ठेवणाऱ्या त्या मुलाला नाव विचारा, गाव विचारा. तो 'म्हापसा' किंवा 'वसई' म्हणाला तर मराठीत-कोंकणीत चार शब्द बोला. आपण बोटीवर दिवाळीची सुट्टी काढत असतो तेव्हा त्याच्या घरी आईने फराळाचा एक डबा बाजूला काढून ठेवलेला असतो. कार्डावरच्या बक्षिसीत त्या डब्याचा हिशेब कुठेच येत नाही. तो आपला आपण ठेवायचा असतो.